सकाळ आमची, संध्याकाळ त्यांची

नागपुरातून पावसाळा जातो तेव्हा सांगून जात नाही. आदल्या दिवसापर्यंत टॉवेल दोरीवर आंबत असतात, मिठाच्या बरणीत पाणी सुटलेलं असतं, आणि मग एका सकाळी मी गॅलरीत येते तर हवा कोरडी ठणठणीत. ऊन अजून कोवळं असतं, पण तासाभरात ते काय करणार आहे हे त्याच्या तोंडावरच दिसतं. अशा सकाळी माझ्या तोंडून आपसूक निघून जातं, "आज पाजणीचं ऊन आहे."

सून विचारते, "कसलं ऊन, आई?" ती नाशिकची, बँकेत नोकरीला. मी दरवर्षी सांगते, ती दरवर्षी विसरते. तिचा दोष नाही. आम्ही आता धरमपेठेत राहतो, आणि धरमपेठेत रस्ता गाड्या उभ्या करायला असतो. रस्त्यावर सूत ताणायचं असतं हे इथं कोणाला खरं वाटणार?

मी पारशिवनीची, शाळामास्तराची मुलगी. लग्न होऊन नागपूरच्या विणकरवस्तीत आले ते साठचं दशक सरून सत्तरचं लागण्याच्या सुमाराला. सासरचं दार दिसायच्या आधी मला रस्त्याच्या मधोमध पसरलेलं सूत दिसलं. ते ओलं होतं म्हणून आमची वरात गटाराच्या काठाकाठानं गेली. बँडवाल्याचा एक पाय गटारात गेला तरी कोणी हूं की चूं केलं नाही. ओल्या ताण्यापुढे नव्या नवरीला कवडीची किंमत नसते हे मला पहिल्याच दिवशी कळलं, ते एका अर्थी बरंच झालं.

ताणा म्हणजे साडीचं उभं सूत. मागावर चढवण्याआधी ते रस्त्यावर लांबच लांब ताणतात, तांदळाची खळ पाजतात आणि ती सुकेपर्यंत त्यावरून कुंचे फिरवतात. हीच पाजणी. कुंचा एकाच दिशेनं आणि सारखा फिरत राहिला पाहिजे. थांबला की धाग्याला धागा चिकटतो, मग सोडवणाऱ्याचं आयुष्य सरतं पण धागा सुटत नाही. त्यामुळे माणसं भरपूर लागतात. ताण्याच्या दोन्ही बाजूंनी रांगा करून चालत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. पावसात हे होत नाही आणि कडक उन्हातही होत नाही. म्हणून पावसाळा संपल्यानंतरच्या त्या कोरड्या सकाळी आमच्या वस्तीला दिवाळीआधीची दिवाळी वाटायच्या.

आमचा रस्ता एकच आणि सरळ. अर्ध्यात आम्ही हिंदू विणकर, अर्ध्यात मोमीन विणकर, आणि मध्ये एक छोटा चौक. तिथं महापालिकेचा नळ होता. पाणी नसल्यामुळे तो टेकायच्या कामाला यायचा. ताणा आमच्या अर्ध्यात सुरू व्हायचा आणि त्यांच्या अर्ध्यात संपायचा, कारण तेवढी लांबी दुसरीकडे कुठं मिळतच नव्हती. खळ शिजवायचे रहमतचाचा. ताण्यावर हुकूम चालायचा माझ्या सासऱ्यांचा, त्यांना मी मामाजी म्हणायची. हे दोघं लहानपणापासूनचे सोबती. खळ पातळ झाली की घट्ट झाली यावरून ते रोज सकाळी भांडायचे, आणि भांडण झाल्याशिवाय दोघांनाही काम सुरू झाल्यासारखं वाटायचं नाही.

"काहून गा रहमत, हे खळ आहे का बिमार माणसाची पेज?"

"तेरे सूत को यही पचेगी, नारायण. घट्ट पिलाया तो अकड़ जाता, तेरे जैसा."

आमच्या घरी एक रीत होती. मुलगी सासरी जाते ती घरच्या मागावरची साडी नेसून, आणि त्या साडीच्या ताण्याला रस्त्यावरच्या प्रत्येक घराचा हात लागलेला हवा. रस्त्यावरच्या म्हणजे चौकाच्या दोन्हीकडच्या. एखादं घर राहिलं तर पोरीच्या संसारात तेवढी गाठ राहते असं माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, मानायच्या. त्या वर्षी माझ्या नणंदेचं, शकूचं लग्न ठरलं होतं. सासर उमरेडचं, तेही विणकरांचंच. तुळशीची लग्नं आटोपली की हिचं. शकू कमी बोलायची, पण जे बोलायची ते ऐकावं लागायचं. सूत रंगवून तयार होतं, हळदीच्या रंगाचं, लाल काठाचं. फक्त पाऊस जायची वाट होती.

पाऊस गेला आणि शहरात दंगल झाली.

ती कशावरून झाली हे तेव्हाही कोणाला नीट सांगता येत नव्हतं. कोणी म्हणे मिरवणुकीवरून, कोणी म्हणे सायकलच्या धक्क्यावरून. आमच्या रस्त्यावर एक दगड पडला नाही. पण गच्चीवरून धूर दिसला, आणि मोठ्या रस्त्यावर ज्या शिंप्याकडे आम्ही सगळ्या चोळ्या टाकायचो त्याचं दुकान जळाल्याचं कळलं. शकूच्या लग्नाचं चोळीचं कापड त्यातच होतं. तो शिंपी कोणाचा होता हे मला विचारू नका, त्या आठवड्यात सगळं शहर तेवढंच विचारत होतं. पंचनाम्याला सरकारी माणूस आला तेव्हा तो शिंपी राखेपुढे उभा होता. त्याला विचारलं गेलं, "दुकानाचे कागद कुठं आहेत?" त्यानं राखेकडे बोट दाखवलं. पुढे तो काटोलला गेला आणि संत्र्याच्या पेट्या ठोकू लागला असं ऐकलं. आमच्या चोळ्या पुन्हा तशा कोणी शिवल्या नाहीत.

त्यानंतर आमच्याकडे सरकार आलं. ते बांबू घेऊन आलं. चौकात आडवे बांबू बांधले, त्यामागे बंदूकवाले शिपाई बसवले आणि संचारबंदी लागली, सुटीतही चारांपेक्षा जास्त माणसांनी जमायचं नाही अशी दवंडी पिटली. ह्या सगळ्यावर एक साहेब होते. पुण्याकडचे, तरुण, गोरे, घामानं बेजार झालेले आणि अतिशय सज्जन. आम्हाला वाचवायला आलो आहोत याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती, आणि त्यामुळेच त्यांच्याशी बोलणं अवघड होतं.

साहेबांनी डोकं लावून संचारबंदी सैल करायची पद्धत काढली. सकाळची सूट आमच्या अर्ध्या रस्त्याला, संध्याकाळची त्यांच्या. दोन समाज समोरासमोरच आले नाहीत तर भांडतील कसे? तर्क बिनतोड होता. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नवरा-बायकोलेही हेच लागू करा म्हणा, शयरात सुख होईल."

चौकातल्या कोपऱ्यावर मेश्रामभाऊंचं घर होतं. ते गिरणीत कामाला, घरात बुद्धाची तसबीर; छप्पन साली त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतलेली. साहेबांनी वेळा जाहीर केल्या तेव्हा मेश्रामभाऊ पुढे झाले. "साहेब, आमची वेळ कोणती?"

साहेबांनी विचार केला. सरकारनं या रस्त्यावर दोनच समाज मोजून पाठवले होते. शेवटी ते म्हणाले, "तुम्ही तटस्थ."

"म्हणजे बाहेर निघू का नोको?"

"दोन्ही वेळा निघा," साहेब उदारपणे म्हणाले.

झालं, मेश्रामवहिनी रस्त्यावरची सर्वांत मोठी बाई झाली. इकडचं लोणचं तिकडे, तिकडचं सालन इकडे, काडेपेटी, सुई, दोरा, कोणाच्या पोटात दुखतं, कोणाला दिवस गेले, सगळं तिच्यामार्फत. शिपाई तिला अडवू शकत नव्हते, ती सरकारी तटस्थ होती. तिची ऐट अशी वाढली की पदराला किल्ल्या लावून चालायला लागली, घरात कुलूप एकच असताना.

कोंबड्यांनी साहेबांचं वेळापत्रक पाळलं नाही. रहमतचाचांची बकरी तर पहिल्याच सकाळी बांबूखालून आमच्याकडे आली. मामाजी तिला परत ढकलायला गेले तर शिपाई म्हणाला, ती बाजू बंद आहे, संध्याकाळी या. संध्याकाळी मामाजींना बाहेर पडायची बंदी. बकरी आमच्याकडेच राहिली. आत्याबाई तिचं दूध काढून मेश्रामवहिनीच्या हाती चाचांच्या बायकोकडे, हमीदाचाचीकडे धाडायच्या, आणि चाची निरोप पाठवायची की दूध कमी येतंय, नारायणच्या घरी चहा वाढला वाटतं.

आता लिहिताना हसू येतं. तेव्हा शकूला हसू येत नव्हतं. ती रोज पहाटे दारात येऊन हवा बघायची. हवा पाजणीचीच असायची, आणि ताणा घरात गुंडाळलेला. दिवस निसटत होते. पाजणी झाल्याशिवाय माग लागणार नाही, माग लागल्याशिवाय साडी नाही. माझा नवरा एकदा बोलून गेला की सीताबर्डीवरून चांगली साडी घेऊन टाकू. त्यावर आत्याबाईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो जेवायचा थांबला. "विणकराची पोर बजारची साडी नेसून उमरेडले जाईन? त्यापेक्षा तूच जाय साडी नेसून."

मग मामाजींनी एक युक्ती काढली. शकूच्या ताण्यावर ती करायची हिंमत नव्हती, म्हणून एक साधा ताणा घेतला. बांबूंखालून तो दोन्ही अर्ध्यांत ताणला. सकाळच्या सुटीत आमची माणसं, एका वेळी चार, अलीकडचा भाग पाजणार; संध्याकाळच्या सुटीत चाचांची चार माणसं पलीकडचा. साहेबांची वाटणी त्यांनी सुतावर लावून पाहिली. शिपाई बघत बसले. सुताला संचारबंदी आहे की नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत आमचा भाग उन्हानं पापडासारखा कडकडीत झाला. चाचांनी पलीकडे ताजी खळ पाजली, ती ऊन नसल्यानं सुकलीच नाही. मधल्या भागात दोघांनाही वाटलं की दुसऱ्यानं सोडला असेल, म्हणून तिथं दोनदा पाजली गेली. तो ताणा मागावर चढला तेव्हा एक टोक वाकेना, दुसरं सावरेना आणि मधला भाग पहिल्याच झटक्याला तुटला. मामाजी तुटलेले धागे हातात घेऊन बराच वेळ बसले. "रहमतले सांगजो वं," ते मेश्रामवहिनीला म्हणाले, "असं नाही होत. सोबतच पायजे."

त्याच दिवसांत साहेबांनी शांतता समिती बोलावली. नळाजवळ सतरंज्या घातल्या. आम्ही एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला, तोंडं समोरासमोर. मेश्रामभाऊंना मध्ये खुर्ची मिळाली आणि त्यांना बसता येईना, कारण सगळे खाली बसलेले. चहासुद्धा दोन किटल्यांतून आला, कोणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून. आम्ही बायका ओट्यावरून ऐकत होतो. जन्मभर एका किटलीतला चहा प्यायलेली माणसं हातातल्या कपाकडे संशयानं बघत होती.

साहेब म्हणाले, "एकमेकांबद्दल मनात जे काही असेल ते मोकळेपणानं सांगा. साचू देऊ नका."

सगळ्यांनी आधी चहा संपवला. मग रहमतचाचा म्हणाले, "इसका रेडिओ, साब. रोज सुबह धान का भाव लगाता जोर से. इसके पास खेत एक बित्ता नहीं."

"ह्याची बकरी," मामाजी लगेच म्हणाले. "तिले सुताची चव लागली आहे. तीन ताणे खाल्ले आजवरी."

"बकरी अभी किसके घर में है, वो भी बोल."

साहेबांनी हे सगळं गंभीरपणे टिपून घेतलं. त्यांना याहून खोल काहीतरी हवं होतं. ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, आणखी काही, जुनं काही? शेवटी मामाजी म्हणाले, "एक मागणी आहे. दोघायचीही एकच. सकाळी दोन्हीकडचे लोक एकदमच सोडा, थोड्या वेळासाठी."

साहेबांचा चेहरा पडला. असं करता येणार नाही, म्हणाले. जमावबंदी आहे, वरून आदेश आहेत, माझ्या हातात नाही. आणि मग त्यांनी स्वतःचं दुखणं काढलं. वरून असाही आदेश होता की प्रत्येक वस्तीत शांतता फेरी निघाली पाहिजे, दोन्ही समाजांची, एकत्र. बाकी वस्त्यांत लोक भीतीनं येत नव्हते. फेरीला जमावबंदी लागू नव्हती. माणसंच मिळत नव्हती.

मामाजींनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी मामाजींकडे पाहिलं. ओट्यावर आत्याबाईंनी माझा हात दाबला.

"फेरीत किती माणसं चालतील साहेब?" मामाजी अगदी निरागसपणे म्हणाले.

"जितकी येतील तितकी. हजार आले तरी हरकत नाही."

"बाया बी?"

"उत्तमच."

"सकाळी काढू. उन्हाच्या आधी. या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊ आणि परत येऊ."

"एकदा गेलात तरी पुरे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता.

"नहीं साब," रहमतचाचा म्हणाले. "अमन का काम है. एक बार में नहीं होता. चार-छे चक्कर तो लगेंगे."

त्या फेरीच्या सकाळी मी जे पाहिलं ते त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. शिपायांनी आपल्या हातांनी बांबू सोडले. आमच्या रस्त्यावरचं प्रत्येक दार उघडलं. चाचांची खळीची हंडी चौकात आली, वाफ निघत होती, आणि मामाजींनी तिच्यात बोट घालून नेहमीप्रमाणे नाक मुरडलं तेव्हा लोक असे हसले, जणू कोणाचा ताप उतरला होता. शकूचा हळदी ताणा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लागला. दोन्हीकडे रांगा झाल्या, हातांत कुंचे आणि दंडावर शांतता समितीच्या पांढऱ्या फिती. हमीदाचाची माझ्यासमोर होती. इतक्या दिवसांनी भेटून ती पहिल्यांदा काय बोलली असेल? "बकरीचं दूध कोण पिऊन राहिलं, सांग." मेश्रामवहिनी किल्ल्या वाजवत दोन्ही रांगांत चालत होती, कारण एक रांग निवडली तर तटस्थपणा जाईल अशी तिला धास्ती होती.

पहिला फेरा झाला आणि साहेब आले. सोबत फोटोवाला आणि कर्णा. साहेब जीपमधून उतरले आणि तसेच थबकले. दोन समाज दोन रांगांत, मध्ये एक पिवळं सूत, आणि सगळ्यांचे हात त्याच्यावर. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ही कल्पना कोणाची?" त्यांनी हलकेच विचारलं. लोक कुंचे फिरवत राहिले. पाजणी चालू आहे असं सांगितलं तर पाजणी बंद होईल, एवढी अक्कल आम्हाला होती.

ते सांगितलं नाही म्हणून साहेबांनी भाषण सुरू केलं.

साहेब बोलायला लागले म्हणजे थांबायला हवं. रांगा थांबल्या, कुंचे थांबले. खळ ओली होती आणि ऊन चौकातल्या घरांवरून हळूहळू रस्त्यावर उतरत होतं. साहेब म्हणत होते, "या धाग्याकडे पाहा. हा धागा कोणाचा आहे?" मागून कोणीतरी खरं ते सांगितलं, "शकूचा." साहेबांना ते ऐकू गेलं नाही. ते इतिहासात शिरले, तिथून संतांकडे वळले. मामाजींच्या कपाळावर आठ्या चढल्या. चाचांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, भाषण संपावं म्हणून. बाकीच्यांनीही जोरजोरात वाजवल्या. साहेबांना हुरूप आला आणि ते पंचवार्षिक योजनेवर आले. ऊन ताण्याच्या टोकाला लागलं. मी शकूकडे पाहिलं. तिचा रंग उडाला होता. तिच्या लग्नाचं सूत तिच्या डोळ्यांदेखत वाळत होतं आणि सारी वस्ती अदबीनं उभी होती.

शकू रांगेतून निघाली. लग्न ठरलेली मुलगी, डोक्यावरचा पदरही तिनं सावरला नाही. सरळ साहेबांपुढे गेली आणि आपला कुंचा त्यांच्या हातात दिला.

"साहेब, चालता चालता बोला ना. आमची खळ वाळून राहिली."

साहेबांनी कुंच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांना काय कळलं देव जाणे, पण ते चालायला लागले. रांगा हलल्या. कर्णा मेश्रामभाऊंनी धरला आणि साहेब कुंचा फिरवत एकतेवर बोलत राहिले. फिरवत होते ते उलट्या दिशेनं. त्यांच्या पाठोपाठ हमीदाचाची चालली आणि साहेब जे बिघडवतील ते सुधारत गेली. एका जागी मात्र तिचं काही चाललं नाही. फोटोवाल्यानं साहेबांना थांबवलं होतं आणि फोटो निघेपर्यंत साहेब एकाच ठिकाणी जोर देऊन घासत राहिले. चाचा डोळे मिटून उभे होते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोखाली छापून आलं की ते दुआ मागत होते.

ताणा वाचला. मामाजींनी स्वतः मागावर बसून विणला. साहेबांची जागा आली तेव्हा धागे पटापट तुटले, ते जोडताना घरात जे शब्द उच्चारले गेले ते मी पारशिवनीत कधी ऐकले नव्हते. ती जागा नेमकी शकूच्या पदरात आली. दिसायची नाही, पण हाताला खरखरीत लागायची.

साहेबांची वर वाहवा झाली. वेगळ्या वेळा आणि एकत्र फेरी, दोन्हींचं श्रेय त्यांना मिळालं. आमचा रस्ता आदर्श ठरला आणि आदर्श रस्त्याला बक्षीस म्हणून चौकात बांबूंच्या जागी लोखंडी फाटक आलं. नळाला पाणी यावं म्हणून आम्ही किती वर्षं अर्ज करत होतो, ते येत नव्हतं. फाटक मात्र दिवाळीच्या फटाक्यांचा कचरा उचलायच्या आत उभं राहिलं, रंगरंगोटीसकट. एरवी ते उघडं राहणार होतं. कुठं काही घडलं तर खबरदारी म्हणून बंद, आणि मग पुन्हा सकाळ आमची, संध्याकाळ त्यांची. मेश्रामभाऊंचं घर फाटकाच्या अलीकडे राहिलं. "म्हणजे आमची वेळ ठरली का आता?" त्यांनी विचारलं. "आमाले न विचारताच?" मेश्रामवहिनीनं पदराच्या किल्ल्या काढून ठेवल्या. साहेब बदली होऊन गेले तेव्हा निरोपाच्या भाषणात म्हणाले की फाटक झाल्यापासून या रस्त्यावर एकही दंगल झाली नाही. ते खरंच आहे. त्याआधीही कधी झाली नव्हती.

फाटक कधी बंद होईल याचा भरवसा नव्हता, म्हणून पुढे ताणे आखूड झाले. आम्ही आमच्या अर्ध्यात पाजायला लागलो, ते त्यांच्या. चाचांची खळ डब्यातून यायची, थंड होऊन यायची, आणि मामाजींना भांडायला समोर कोणी नसायचं. ते डब्याशी भांडायचे. मग यंत्रमाग आले, हातमाग गेले, मुलं नोकऱ्यांना लागली, आम्ही धरमपेठेत आलो. सुनेला मी एवढं सगळं सांगत नाही. तिला बसची वेळ असते. पण मला त्या सगळ्या हंगामातली एकच सकाळ सारखी आठवत राहते, आणि ती पाजणीची नाही, शकूच्या पाठवणीची आहे.

लग्नाच्या आदल्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला कुठंतरी काहीतरी झालं आणि फाटक बंद झालं. मोमीनांकडची माणसं लग्नाला येऊ शकली नाहीत. सकाळी उमरेडची मंडळी निघायची घाई करत होती, बस लागलेली होती. शकूनं सगळ्यांच्या पाया पडून घेतलं आणि बसकडे जाण्याऐवजी ती उलट्या दिशेला वळली, चौकाकडे. आम्ही तिच्या मागे. फाटकापलीकडच्या बायका दारांच्या उंबऱ्यांवर उभ्या होत्या. वेळ आमची असल्यामुळे त्यांना उतरायची बंदी होती.

"उघडा," शकू शिपायाला म्हणाली.

"ऑर्डर नाही ताई." तो बिचारा खाली बघत होता.

शकूनं त्याच्याशी हुज्जत घातली नाही. तिनं खांद्यावरचा पदर सोडवला, नऊवारीचा लांबलचक पदर, आणि फाटकाच्या गजांमधून पलीकडे दिला. शिपायानं तोंड फिरवून घेतलं. हमीदाचाची उंबरा उतरून आली. तिनं पदर हातात घेतला, विणकराची बाई बघते तसा अंगठ्यानं चाचपून पाहिला. एका जागी तिचा अंगठा थांबला.

"ये साब की जगह," ती म्हणाली आणि हसली, आणि हसता हसता तिनं तोच पदर डोळ्यांना लावला. मग शेजारणीच्या हाती दिला. एकेक करत सगळ्या उतरल्या. रहमतचाचा शेवटच्या दारातून आले आणि त्यांनीही हात लावला, खळ बरोबर बसली होती की नाही तेवढं पाहिलं.

इकडे बसवाला हॉर्न वाजवत होता. शकूची सासू विचारत होती, काहून थांबली ही? शकू गजांशी उभी होती, तोंड पुसायलाही हात उचलत नव्हती. पदर पलीकडे या हातातून त्या हातात चालला होता, आणि आपण जरा हललो तर तो ताणला जाईल म्हणून ती जागची हलली नाही.